‘इंडिका’ म्हणजे मूळचं भारतीय?

‘शास्त्रीय नावात इंडिका असलेलं झाड मूळचं भारतातलंच’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आंबा, कडुनिंब यांना तो लागू पडतो, म्हणून सहज पटतो. चिंचेपाशी मात्र अडतो. टॅमरिंडस इंडिका हे तिचं नाव १७५३ सालचं, पण चिंच मूळची उष्णकटिबंधीय आफ्रिकेतली. ती आपल्याकडे रुजली हजारो वर्षांपूर्वी. अरब तिला ‘हिंदचा खजूर’ म्हणत, तोच ठसा नावात उतरला. आणि नाव दिशाभूल करतं एवढ्यावरून ते नियमानं बदलता येत नाही! (सिला पेरुव्हियाना ही फुलझाडाची जात पेरू देशातली नाहीच, ती स्पेन-पोर्तुगालकडची.) राणीच्या बागेत झाडावरच्या पाटीवर नाव वाचलंत, तर वनस्पतिकोशात ‘मूळ प्रदेश’ वेगळा पाहा.