पटत नाही, तरी दुखतं

‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या घरांत वाढलेल्या अमेरिकन मुलांपैकी मोठेपणी त्या पंथात उरतात जेमतेम एक तृतीयांश. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या पाहणीत हा आकडा ३४ टक्के आला आणि पाहणीतल्या मोठ्या धार्मिक गटांत तो सर्वांत कमी होता. पंथ तरीही आटलेला नाही, कारण बाहेरून नवी माणसं येत राहतात. जगभरात आज त्याचे ८५ लाखांहून जास्त सक्रिय प्रचारक आहेत.

मला बोलायचंय ते निघून गेलेल्यांबद्दल. त्यांतल्या अनेकांना एकच गोष्ट छळत असते. शिकवण पटेनाशी झाली म्हणून मी निघालो, मग ज्यांच्या मताला आता मी काडीची किंमत देत नाही त्यांनी बाजारात तोंड फिरवलं तर माझ्या पोटात खड्डा का पडावा? गेल्या पंचवीसेक वर्षांत मानसशास्त्राने या प्रश्नाचा बऱ्यापैकी पाठपुरावा केला आहे.

आधी पंथाची रचना समजून घ्यावी लागेल. १८७० च्या दशकात पिट्सबर्ग परिसरात चार्ल्स टेझ रसेल यांनी चालवलेल्या बायबल-अभ्यास गटातून हा पंथ वाढला. आताचं नाव १९३१ पासूनचं. आपल्याकडे तो माहीत असतो दारावर येऊन ‘टेहळणी बुरूज’ हातात देणाऱ्या सभ्य जोडप्यांमुळे, शस्त्रक्रियेतही रक्त न घेण्याच्या बातम्यांमुळे, किंवा १९८६ च्या त्या खटल्यामुळे. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावरचा तो आपल्याकडचा एक महत्त्वाचा निकाल आहे.

आतलं आयुष्य भरगच्च असतं. आठवड्यातून दोन सभा, त्यांची घरी बसून तयारी, शिवाय दारोदारचा प्रचार. वाढदिवस नाही, नाताळ नाही, मतदान नाही. उच्च शिक्षणाला फारसं उत्तेजन नाही आणि पंथाबाहेरच्यांशी जवळीक तर नकोच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एवढे निर्बंध असतील तर माणसं थांबतात कशाला? अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स इयानाकोन यांनी १९९० च्या दशकात उलटा विचार मांडला. निर्बंध जितके कडक, तितके फुकटे लोक गाळले जातात. उरलेले मनापासून झिजतात, त्यामुळे उरणाऱ्याला मिळणारी सोबत आणि मदत अव्वल दर्जाची असते. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या ८३ अमेरिकन सामूहिक वसाहतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धार्मिक वसाहतींत हेच दिसलं: ज्यांचे नियम जास्त जाचक, त्या जास्त वर्षं टिकल्या. म्हणजे अशा गटात राहणारी माणसं भोळी किंवा भेदरलेली असतात, हे आपलं शहरी अनुमान बरंचसं चुकीचं आहे. त्यांना तिथे खरोखर काहीतरी मिळत असतं, आणि निघताना तेच जातं.

बहिष्काराची रीतसर पद्धत पंथात १९५२ मध्ये आली. १९८१ मध्ये ती कडक झाली आणि स्वतःहून सदस्यत्व सोडणाऱ्यालाही तोच नियम लागू झाला: बोलायचं नाही, एकत्र जेवायचं नाही. आधार दिला जातो बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा. पंथाची बाजू अशी की यामुळे मंडळी शुद्ध राहते आणि चुकलेला माणूस भानावर येऊन परततो. एका छताखाली राहणाऱ्यांचं नातं तुटत नाही, असंही ते सांगतात. २०२४ मध्ये थोडी ढील दिली गेली. काढलेला माणूस सभेला आला तर त्याला साधा नमस्कार करायचा की नाही, हे आता ज्याने त्याने ठरवायचं. पंथाविरुद्ध बोलणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

आता प्रयोगाकडे वळू. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत कुत्र्यासोबत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्याजवळ आली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी यांनाही खेळात घेतलं आणि थोड्या वेळाने काही न बोलता फेकणं बंद केलं. विल्यम्सना ते इतकं लागलं की त्यांनी त्याचाच प्रयोग केला. पुढे संगणकावर ‘सायबरबॉल’ तयार झाला: पडद्यावर तीन खेळाडू, चेंडूची फेकाफेक, आणि सुरुवातीच्या एकदोन फेकींनंतर तुमच्याकडे चेंडू येणंच थांबतं. बाकीचे दोघे माणसं नसतातच, संगणक असतो. २००० साली ६२ देशांतले १,४८६ लोक यात इंटरनेटवरून सहभागी झाले. अनोळखी, न दिसणाऱ्या लोकांनी, कवडीची किंमत नसलेल्या खेळात काही मिनिटं वगळलं, तरी त्यांचा मूड उतरला, आपण कुणाचे आहोत ही भावना आणि स्वतःबद्दलचा आदर दोन्ही खाली आले. नंतरच्या एका प्रयोगात समोर फक्त संगणक आहे हे आधीच सांगितलं होतं. तरी लागलंच.

आपल्या प्रश्नाचं उत्तर दडलंय २००७ च्या प्रयोगात. त्यात काहींना सांगितलं होतं की समोरचे खेळाडू कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेचे आहेत. ज्यांच्याशी खेळायची इच्छाही नसावी अशी ही माणसं. त्यांनी चेंडू देणं थांबवल्यावर झालेलं दुःख आपल्यासारख्याच लोकांनी वगळल्यावर होणाऱ्या दुःखाएवढंच निघालं. वगळलं गेल्याचा पहिला फटका बसतो तेव्हा ‘कोण’ आणि ‘का’ हे प्रश्न मनात यायचे असतात. विल्यम्स यांचं स्पष्टीकरण उत्क्रांतीचं आहे: टोळीबाहेर पडणं म्हणजे मरण, अशा काळात घडलेल्या प्राण्याला खोट्या इशाऱ्याने दहादा दचकणं परवडतं, खरा इशारा एकदा चुकवणं परवडत नाही. विचार मागाहून येतो आणि त्याने सावरायला मदतही होते. पण सावरायला उसंत लागते. बहिष्कार जेव्हा वर्षानुवर्षं चालतो तेव्हा विल्यम्स ज्याला शेवटची अवस्था म्हणतात ती येते: हताशपणा, परकेपणा, नैराश्य.

मेंदूच्या चित्रांबद्दल दोन वाक्यं पुरेत. २००३ मध्ये नाओमी आयझनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १३ जणांना स्कॅनरमध्ये सायबरबॉल खेळायला लावून दाखवलं की वगळलं गेल्यावर शारीरिक वेदनेत सक्रिय होणारा एक भाग जागा होतो. तेव्हापासून ‘नाकारलं जाणं म्हणजे मेंदूसाठी हाड मोडणंच’ हे वाक्य सगळीकडे फिरतंय. ते अर्धवट आहे, कारण तो भाग इतरही अनेक प्रसंगी सक्रिय होतो आणि २०१४ च्या एका बारकाईच्या अभ्यासात वेदना आणि नकार यांचे मेंदूतले नमुने वेगवेगळे ओळखता आले. मला त्याहून मोलाचं वाटतं ते २००८ चं एक साधं निरीक्षण. जुनी शारीरिक इजा आठवायला सांगितली तर माणूस तिची हकिगत सांगतो, कळ मात्र परत येत नाही. जुना विश्वासघात आठवला की तो पुन्हा तेवढाच दुखतो.

कुटुंबाच्या बाबतीत हे आणखी किचकट होतं. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. नवरा मेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही. अशा अर्धवट वियोगात शोक सुरूच होत नाही, मग संपणार कुठून, हे त्यांनी दाखवलं. पंथ सोडलेल्या मुलीची आई धडधाकट असते, चार गल्ल्या सोडून राहते, फक्त फोन उचलत नाही. सुतक पाळावं तर माणूस जिवंत, भेटायला जावं तर दार बंद. त्यात दार एका अटीवर कधीही उघडू शकतं: परत या. आशा आणि वियोग यांची अशी गाठ पडल्यावर ‘विसरून जा, पुढे चल’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो.

आणि भीती? हर्मगिदोनच्या युद्धात हे जग लवकरच संपणार, हे बाळपणापासून कानी पडलेलं असतं. १९७५ मध्ये ते घडेल अशी अनेक साक्षीदारांची अपेक्षा होती. सोडून वर्षं उलटली तरी युद्धाची बातमी लागली की छातीत धडधडतं, असं बाहेर पडलेली माणसं सांगतात. यात ढोंग नाही आणि छुपी श्रद्धाही नाही. कुत्र्यांवर सवयींचे प्रयोग करणाऱ्या पाव्हलॉव्हलाच दिसलं होतं की विझवलेली सवय काही काळाने आपोआप डोकं वर काढते. भीती विझते म्हणजे पुसली जात नाही. तिच्याशेजारी ‘इथे धोका नाही’ असा नवा धडा बसतो आणि तो धडा ज्या परिस्थितीत शिकला तिथेच जास्त चालतो. डॅरिल व्हॅन टाँगेरेन यांच्या गटाला अमेरिका, नेदरलँड्स, हाँगकाँग आणि न्यूझीलंडमध्ये व्यापक चित्रही तसंच दिसलं: धर्म सोडलेले लोक विचारांत आणि वागण्यात कधीच धार्मिक नसलेल्यांपेक्षा धार्मिकांच्या थोडे जवळ राहतात.

वाळीत टाकणं आपल्याला परकं नाही. आळंदीच्या चार भावंडांची गोष्ट मराठी घरात वेगळी सांगावी लागत नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्येच बहिष्कारविरोधी कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. २०२३ मध्ये तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे. कॅनडात २०१८ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांनी काढलेल्या एका सदस्याच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. कायदा कब्रस्तान खुलं करू शकतो, पाणवठा खुला करू शकतो, दुकानदाराला जाब विचारू शकतो. आईने फोन उचलावा असा हुकूम कुठलंच न्यायालय काढू शकत नाही, आणि काढूही नये.

उरतो प्रश्न बाहेर नवी माणसं जोडण्याचा. पक्षाघात झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास इथे फार बोलका आहे. कॅथरीन हॅस्लम आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये दिसलं की आजाराआधी जी माणसं अनेक गटांत होती, ती नंतर मनाने जास्त सावरली; एक गट सुटला तरी दुसरा हाताशी होता. कडक पंथात नेमकी ही सोय नसते. मित्र, नातलग, कित्येकदा नोकरी देणारा मालकही एकाच मंडळीतला. शिवाय मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलेली ‘कच्ची’ नाती, म्हणजे ओळखीपाळखीची माणसं, जी नोकरीची बातमी आणतात, भाड्याची खोली सुचवतात, तीही बाहेर जवळजवळ नसतात.

म्हणून अनेकांचा पहिला थांबा इंटरनेटवर असतो. तिथे नाव लपवता येतं, आणि तनाने आत पण मनाने बाहेर असलेल्यांना याची फार गरज असते. माजी साक्षीदारांमध्ये अशांना ‘पिमो’ म्हणतात. कुटुंब गमावू नये म्हणून हे लोक सभेला जात राहतात. आपल्याच मनातलं वाक्य दुसऱ्या खंडातल्या माणसाने लिहिलेलं वाचलं की ‘माझंच डोकं बिघडलंय’ ही शंका सुटते. त्याखेरीज अगदी साधी माहिती मिळते: मतदार नोंदणी कशी करायची, शिक्षणाची गेलेली वर्षं कशी भरून काढायची, सहकाऱ्याच्या वाढदिवसाला काय न्यायचं.

अडचण पुढे येते. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये किशोरवयीन मैत्रीचा अभ्यास करताना पाहिलं की दोघांनी मिळून तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळलं तर मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी नैराश्याची लक्षणंही वाढलेली दिसतात. निव्वळ माजी सदस्यांच्या गटात हा धोका उघड आहे, कारण तिथे एकत्र आणणारा धागाच तो असतो. काही गटांत तर नवं सोवळं तयार होतं: किती राग धरावा, कुणाशी बोलावं, देव मानणारा चालेल का. समाजशास्त्रज्ञ हेलन रोज एबॉ स्वतः एकेकाळी नन होत्या. नन, डॉक्टर, घटस्फोटित अशा १८५ जणांच्या मुलाखतींवरून १९८८ मध्ये त्यांनी मांडलं की भूमिका सोडण्याचा शेवटचा टप्पा ‘माजी’ म्हणून जगायला शिकण्याचा असतो, आणि इतर लोक बराच काळ तुम्हाला जुन्याच भूमिकेवरून ओळखतात. स्वतःही तसंच ओळखत राहिलं तर पंथ सोडूनही दिवसभराचा विषय पंथच राहतो.

टेगन क्रुइस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या वयस्क लोकांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या. नैराश्य येऊन गेलेल्या आणि कुठल्याच गटात नसलेल्या व्यक्तीने एक गट धरला तर नैराश्य पुन्हा येण्याची जोखीम २४ टक्क्यांनी कमी, तीन धरले तर ६३ टक्क्यांनी. ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नाही. बरं वाटू लागलेली माणसंच गटांत जातात, असंही असू शकतं. तरी पंथ सोडलेल्या माणसाशी बोलणाऱ्या समुपदेशकाने ‘आता देव मानता का’ हे विचारण्याआधी ‘पंथाबाहेरची किती माणसं तुम्हाला नावाने ओळखतात’ हे विचारावं, असं मला वाटतं. उत्तर शून्य किंवा एक असेल तर चर्चागटापेक्षा पोहण्याचा वर्ग, गाण्याची शिकवणी, गल्लीतला क्रिकेटचा संघ, काहीही चालेल. फक्त तिथल्या कुणालाही यहोवाच्या साक्षीदारांबद्दल बोलण्यात रस नसावा.