डोळा बघून मेंदूचा आजार कळेल का?

पार्किन्सन्समध्ये हात थरथरायला लागतो तोवर डोपामाइन (हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या बऱ्याचशा पेशी गेलेल्या असतात, म्हणूनच हा आजार आधी कसा पकडायचा यावर इतकं काम चाललंय, आणि मला त्यात सगळ्यात जास्त आशा वाटते ती डोळ्याकडून.

कारण रेटिना, म्हणजे डोळ्यातला मागचा पडदा, हा मेंदूचाच भाग आहे, गर्भात मेंदूचाच एक कोंब पुढे येऊन तो तयार होतो. कवटीला हात न लावता मेंदूच्या पेशी थेट बघायच्या तर जागा हीच.

काचबिंदू किंवा डायबेटिसवाल्यांनी ओसीटीचं, म्हणजे प्रकाशाने रेटिनाचा स्कॅन काढणारं मशीन पाहिलंच असेल, हनुवटी टेकवायची, खुणेकडे बघत राहायचं की काही सेकंदांत रेटिनाच्या थरांची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मिळते. हे तंत्र १९९१ साली अमेरिकेत एमआयटीच्या टीमने जगासमोर आणलं. मग २०२३ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या हॉस्पिटल आणि यूसीएल विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड लाखाहून जास्त लोकांचे स्कॅन तपासले तर पार्किन्सन्स असलेल्यांच्या रेटिनाचे आतले दोन थर पातळ दिसले, आणि यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लाखो स्वयंसेवकांच्या आरोग्य-नोंदींच्या डेटामध्ये तर ही खूण निदान व्हायच्या सरासरी सात वर्षं आधीच होती!

पण लगेच ओसीटी काढायला पळू नका. वय, काचबिंदू, डायबेटिस, मोठा मायनस नंबर, या सगळ्यांनी रेटिना पातळ होतो, त्यामुळे हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा फरक एकट्या माणसाच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. त्याच माणसाचा स्कॅन दरवर्षी काढून किती बदल झाला ते बघणं जास्त भरवशाचं, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (नसांवरचं आवरण खराब होणारा आजार) हे होतंय पण.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्यांची हालचाल, आणि इथे मला पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) या मेंदूच्या आजाराबद्दल सांगायलाच हवं. १९६४ मध्ये टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी तो नीट मांडला, तरी आजही सुरुवातीला तो पार्किन्सन्स समजला जातो. यात नजर वर-खाली उडी मारायची मंदावते. ताटात काय वाढलंय ते दिसत नाही, जिना उतरताना पायरी चुकते, माणूस मागच्या मागे पडतो. डॉक्टर पेशंटला खाली बघायला सांगतात, नजर जात नाही, मग समोरच्या वस्तूवर नजर ठेवायला सांगून ते स्वतःच्या हाताने त्याचं डोकं वर उचलतात आणि डोळे आपोआप खाली जातात! म्हणजे स्नायू ठीक आहेत, बिघाड वर मेंदूत आहे.

आय ट्रॅकर हेच आकड्यात मोजतो. बुबुळावर इन्फ्रारेड प्रकाश टाकून कॅमेरा सेकंदाला शेकडो फोटो घेतो आणि नजर किती वेगाने उडाली ते काढतो. एक टेस्ट आहे, ठिपका डावीकडे आला की मुद्दाम उजवीकडे बघायचं. सोपी वाटते, पण ठिपक्याकडे जाणारी नजर आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि अल्झायमर्समध्ये इथे चुका वाढतात.

घरातलं मोठं माणूस सारखं पडत असेल, खाली बघायला त्रास होत असेल आणि चष्मा बदलूनही फरक नसेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि नजर खाली जात नाही हे त्यांना आवर्जून सांगा.