आगमनकाळ म्हणजे नाताळ नव्हे

नोव्हेंबर सरतो न सरतो तोच ठाण्याच्या मॉलमध्ये ख्रिसमसचं झाड उभं राहतं, वाशीच्या दुकानांत तारे लटकू लागतात आणि अख्ख्या डिसेंबरला नाताळ म्हटलं जातं. २६ तारखेला तोच तारा खाली उतरतो. दोन्हीकडे घोळ आहे. कॅथलिक दिनदर्शिकेत २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत नाताळ लागतच नाही; तोवर आगमनकाळ (ॲडव्हेंट), म्हणजे नाताळआधीचा चार रविवारांचा वाट पाहण्याचा काळ असतो. आणि लागल्यावर तो येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो.

नाताळ सगळ्यांच्या ओळखीचा: गोठा, मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना), फराळाची ताटं. रंगांचा फरकही सोपा आहे. आगमनकाळात धर्मगुरूंचा झगा जांभळा, नाताळात पांढरा.

खरी गफलत पुढे होते. आगमनकाळ म्हणजे बाळ येशूच्या वाढदिवसाची तयारी, असं बहुतेकांना वाटतं, ख्रिस्ती घरांतही. पण पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूविषयीच्या उताऱ्यात, बाळही नसतं आणि गोठाही. तिथे प्रौढ येशू सांगतो, जागे राहा, कारण तो दिवस कधी येईल ते तुम्हाला माहीत नाही. १६ डिसेंबरपर्यंत भर असतो तो प्रभूच्या पुन्हा येण्यावर. जन्माची जवळची तयारी सुरू होते १७ पासून. मधल्या दोन रविवारी समोर येतो बाप्तिस्मा करणारा योहान, येशूची वाट तयार करणारा संदेष्टा. ठाण्यात तलावपाळीजवळच्या जुन्या चर्चला ज्याचं नाव आहे, तोच. ‘प्रभूचा मार्ग तयार करा’ ही त्याची हाक आहे. म्हणून या काळाचं काम सजावटीपेक्षा वेगळं आहे: पापनिवेदन करायचं (धर्मगुरूपाशी आपली पापं कबूल करायची), धरलेला अबोला सोडायचा, रोज थोडा वेळ गप्प बसायचं. रविवारच्या मिस्सेत देवदूतांचं गौरवगीत, ग्लोरिया, मुद्दाम गात नाहीत. चार रविवार ते गाळलेलं असतं, म्हणून २४ च्या संध्याकाळी पुन्हा कानावर पडलं की अंगावर काटा येतो. महिनाभर नाताळची गाणी लावून ठेवली तर हा क्षण हातचा जातो.

गोठ्याचंही तसंच. गणपतीची मूर्ती आधी घरी आणली तरी पूजेपर्यंत तिचं तोंड झाकून ठेवतात, हे ठाण्यात कुणाला सांगावं लागत नाही. गोठा आधी मांडा, मरिया, योसेफ, गुरं ठेवा. गव्हाणी मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामीच हवी. १ डिसेंबरलाच बाळ ठेवलेला गोठा पाहवत नाही.

वाट पाहणं घरात दिसावं म्हणून आगमन-चक्र असतं. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं वाढवत जायचं. गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, म्हणून ती थोडी जाड घ्या आणि रोज प्रार्थनेपुरती दहा मिनिटंच लावा, नाहीतर चौथ्या रविवारपर्यंत ती पुरत नाही. खाली स्टीलचं ताट हवं, पंखा बंद हवा. अशोकाची पानं डिसेंबरात लवकर वाळतात आणि वाळलेली पेट घेतात. दर रविवारी बदला.

दुकानातलं चोवीस खिडक्यांचं कॅलेंडर कायम १ डिसेंबरला सुरू होतं, आगमनकाळ तसा होत नाही. तो २५ डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी लागतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही. २०२२ मध्ये तो पूर्ण २८ दिवसांचा होता. २०२३ मध्ये चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला; सकाळी चौथी मेणबत्ती लागली आणि त्याच संध्याकाळी नाताळ.

ताऱ्याच्या मागोमाग बाळ येशूला भेटायला आलेले तिघे ज्ञानी मात्र २५ तारखेलाही गव्हाणीपाशी नसावेत. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवा आणि रोज थोडं पुढे सरकवा. त्यांच्या या भेटीचा, म्हणजे प्रकटीकरणाचा सण आपल्याकडे २ ते ८ जानेवारीमधल्या रविवारी येतो. त्या दिवशी ते गोठ्यात पोचतात, आणि तोवर तारा दारावर पेटताच हवा.