बारा मोलरचं अ‍ॅसिड आणि चोपड्याची बादली

चुलतभावाची केळी चोपड्याकडे. मार्च सरताना त्याचा फोन आला, "दादा, टाकीमा अ‍ॅसिड कितलं टाकू?" ठिबकचे ड्रिपर पांढऱ्या क्षारानं बुजले होते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोज अ‍ॅसिड मोजणारा. कागद ओढला, सूत्र मांडलं आणि तोंडघशी पडलो.

प्रयोगशाळेतला हिशेब सरळ असतो. तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या बाटलीवर दोन आकडे असतात: ३७ टक्के आणि घनता १.१८. म्हणजे एका लिटरचं वजन ११८० ग्रॅम. त्यातलं खरं अ‍ॅसिड सुमारे ४३७ ग्रॅम, बाकी पाणी. रसायन मोजायचं एकक म्हणजे मोल; या अ‍ॅसिडचा एक मोल ३६.५ ग्रॅमचा. भागाकार केला की १२ येतात. बाटलीतलं अ‍ॅसिड १२ मोलर, म्हणजे लिटरमध्ये १२ मोल. त्यातून ०.१ मोलरचं एक लिटर करायचं तर ते १२० पट पातळ करायचं, म्हणजे ८.३ मिली घ्यायचं. फ्लास्क आधी अर्धा पाण्यानं भरायचा, मग अ‍ॅसिड सोडायचं. उलटं करायचं नाही. सल्फ्युरिकवर पाणी ओतलं तर ते जागीच उकळून अंगावर येतं.

आता आपला उन्हाळा. फ्लास्कवर बारीक अक्षरात एक तापमान छापलेलं असतं, आपल्याकडे बरेचदा २७ अंश; त्या तापमानालाच त्याचं माप बरोबर. मे महिन्यात जळगावात डिस्टिल्ड वॉटरही ४० अंशांवर गेलेलं असतं. ते खुणेपर्यंत भरलं आणि रात्री थंड झालं, की लिटरमागे सुमारे ४ मिली कमी भरतं. त्यात बाटलीचं बूच उघडताच पांढरा धूर निघतो. ते अ‍ॅसिडच निसटत असतं. त्यामुळे लेबलवर लिहिलेलं '०.१' हा नुसता अंदाज. खरा आकडा ब्युरेट, म्हणजे खुणांची, तोटी असलेली काचेची नळी सांगते. कोरडा सोडियम कार्बोनेट १.३२५ ग्रॅम तोलून २५० मिलीत विरघळवायचा, त्यातले २५ मिली घ्यायचे, रंग बदलून खूण दाखवणाऱ्या मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकायचे आणि वरून अ‍ॅसिड सोडत राहायचं. पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत २५.६ मिली लागलं, तर आपलं अ‍ॅसिड ०.०९८ मोलर.

हे सगळं मुलांना शिकवणारा मी भावाच्या टाकीपाशी मात्र विसरलो. लॅटरलमधले, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमधले क्षार विरघळायला पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास आणायचा असतो. शुद्ध पाण्यात त्यासाठी लिटरमागे ०.०००१ मोल अ‍ॅसिड पुरतं. बाजारचं ३३ टक्क्यांचं अ‍ॅसिड साधारण साडेदहा मोलर. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला जेमतेम १० मिली. मी तसं सांगून टाकलं. संध्याकाळी त्यानं कळवलं, पीएचचा कागद जसाच्या तसा.

बोअरचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. काळ्या दगडातून, चुनखडीतून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेट असतं आणि अ‍ॅसिड आधी तेच गिळतं. समजा त्या पाण्याची क्षारता, म्हणजे अ‍ॅसिड गिळायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. ती संपवायला लिटरमागे ०.००६ मोल लागतात. हजार लिटरला सुमारे ५७० मिली. माझ्या उत्तराच्या सत्तावन्न पट! सूत्र बरोबर होतं, पाणी कुठलं ते मी विचारलंच नव्हतं.

मग फोनवरच चाचणी ठरली. प्लास्टिकची बादली, त्यात त्याच बोअरचं मोजून १० लिटर पाणी. हातमोजे, चष्मा. प्लास्टिकच्या सिरिंजनं एकेक मिली अ‍ॅसिड सोडायचं, काठीनं ढवळायचं, कागद बुडवायचा. आमच्या ब्युरेटचाच हा मळ्यातला भाऊ. सात मिलीला कागदानं ४ चा रंग दाखवला. टाकीला शंभरपट, ७०० मिली. एक गोष्ट मात्र बजावून सांगितली: ज्या पाण्यात ब्लीचिंग टाकलंय त्यात अ‍ॅसिड अजिबात नाही, क्लोरीन वायू सुटतो. अ‍ॅसिडचं पाणी लॅटरलमध्ये मुरू दिलं, मग टोकाची बुचं काढून पाणी सोडलं, तर आधी ताकासारखं गढूळ पाणी आलं.

ऑगस्टात बोअरची पातळी वर आल्यावर त्यानं बादली परत मांडली. या वेळी पाच मिलीतच कागद बदलला.