नवी चिप चालते, पण जरा जास्तच वेगात

कमोडोर ६४ हा १९८२ साली बाजारात आलेला घरगुती संगणक. आज तो चालू केला आणि पडदा नुसता काळाच राहिला, तर दुरुस्ती करणारे लगेच एका २८ पायांच्या चिपकडे वळतात. ही पीएलए, म्हणजे आत येणाऱ्या संकेतांवरून बाहेरचे संकेत ठरवणारी चिप. चालताना ती चांगलीच तापते आणि वय झालं की दगा देते. मूळ चिप आता कुठेच बनत नाही, म्हणून ती नव्याने घडवावी लागते.

तिचं काम समजायला सोपं आहे. प्रोसेसरला ६५,५३६ पत्ते दिसतात आणि ते सगळे ६४ केबी रॅमनेच भरून जातात. पण २० केबी रॉमला, चित्राच्या आणि आवाजाच्या चिपनाही त्यातच जागा हवी. कुठल्या पत्त्याला आत्ता कोणी उत्तर द्यायचं, हे पीएलए ठरवते. १६ संकेत आत, ८ बाहेर. आत कुठले संकेत आले की बाहेर कुठले जातात, याचा तक्ता पूर्ण माहीत आहे.

मग तो तक्ता दुसऱ्या चिपमध्ये भरला की झालं? २७सी५१२ ही ईप्रॉम (मजकूर लिहून ठेवायची, पुसून पुन्हा वापरता येणारी स्मृती-चिप) मापात अगदी बसते, आणि अनेकांनी ती वापरलीही. पण पत्ता बदलताना ईप्रॉमच्या पायांवर क्षणभर भलतेच संकेत उमटू शकतात.

त्यापेक्षा सीपीएलडी बरी. या चिपमधले गेट, म्हणजे तर्काची छोटी सर्किटं, हवे तसे जोडता येतात आणि वीज गेली तरी जोडणी टिकते. अडचण तिच्या वेगाची आहे. मूळ चिपला उत्तर द्यायला साधारण ३५ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) लागत, हिला दहाच्या आसपास लागतात.

रॅमला पत्ता दोन हप्त्यांत मिळतो: आधी ओळ, मग स्तंभ. 'आता स्तंभ घे' हे सांगणारा कॅस संकेत दोन वाटांनी जातो. एक वाट ओळीच्या जागी स्तंभाचे बिट आणणाऱ्या मल्टिप्लेक्सरकडे, दुसरी पीएलएमधून रॅमकडे. पीएलए वेळ घ्यायची, तेवढ्यात मल्टिप्लेक्सर आपलं काम उरकायचा. नवी चिप घाई करते. मग रॅम ओळीचेच बिट स्तंभ समजून उचलू शकते आणि भलत्याच जागेतला मजकूर हाती येतो. सर्किटच्या नकाशावर हा उशीर कुठेच काढलेला नाही, तरी सगळं यंत्र त्याच्यावर उभं आहे. माझ्या मते नक्कल करणाऱ्याचं खरं कसब इथेच लागतं.

तो उशीर मग मुद्दाम घालावा लागतो. संकेत चार-दोन जादा गेटमधून फिरवायचा. पण रचना चिपमध्ये उतरवणारं सॉफ्टवेअर असे गेट निरुपयोगी समजून काढून टाकतं! म्हणून 'हे तसंच राहू दे' अशी स्पष्ट सूचना द्यायची, किंवा संकेत एका मोकळ्या पायाने बाहेर काढून दुसऱ्याने परत आत घ्यायचा. मग ऑसिलोस्कोपवर, म्हणजे संकेतांचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, जुन्या आणि नव्या चिपचे संकेत ताडून पाहायचे.

त्यात आजच्या बहुतेक चिप ३.३ व्होल्टच्या, जुना बोर्ड ५ व्होल्टचा. ५ व्होल्ट सोसणारी एक्ससी९५००एक्सएल ही मालिका या कामात बरीच वापरली गेली, पण ती बंद होत असल्याचं ती बनवणाऱ्या एएमडी कंपनीने २०२४ मध्ये कळवलं. त्यामुळे पुढच्या चिपवर त्याच रचना नीट नेता येतील, ज्यांच्या तक्त्याबरोबर प्रत्येक संकेताची वेळही कोणीतरी मोजून लिहून ठेवली आहे.