कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमची पार्श्वभूमी: क्योटो ते नागपूर

नव्वदच्या दशकात नागपुरात नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हटलं तरी सगळ्यांना कळायचं, टीव्हीला जोडायचा डबा, वरून खोचायची पिवळी कॅसेट आणि वायरवाले दोन रिमोट. डब्यावर कुठे समुराय लिहिलेलं, कुठे मीडिया, कुठे काहीच नाही. आता तो विषय निघाला की लोक एका वाक्यात निकाल लावतात, सोड ना भौ, सगळं चायनाचं डुप्लिकेट होतं. डुप्लिकेट होतं हे खरंच आहे, पण कशाचं डुप्लिकेट होतं ते कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

ते मूळ मशीन म्हणजे जपानच्या क्योटोतल्या निन्टेंडो कंपनीचं फॅमिकॉम. १५ जुलै १९८३ ला ते बाजारात आलं, किंमत १४,८०० येन. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या इंजिनियरला काम दिलं की कॅसेट बदलून वेगवेगळे गेम खेळता येतील असं मशीन घरच्या टीव्हीसाठी बनव आणि ते स्वस्त पाहिजे. त्याच्याआधी अमेरिकेत असे कन्सोल होतेच, १९७२ चं मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७७ चं अटारी, पण उएमुरांनी स्वस्तात जे बसवलं ते वेगळंच होतं. कामाची मेमरी फक्त २ केबी, प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, आणि चित्र काढायला वेगळी चिप, जी पडद्यावर एका वेळी ६४ हलती छोटी चित्रं दाखवू शकायची पण एका आडव्या रेषेत फक्त ८. काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये एकदम खूप गोळ्या आणि माणसं एका रेषेत आली की चित्र लुकलुकायचं आठवतंय? तेव्हा घरचे म्हणायचे टीव्ही खराब होऊन राह्यला. टीव्हीला काही झालेलं नसायचं, ती त्या ८ ची मर्यादा होती, आणि क्योटोतल्या ओरिजिनल मशीनवर पण ते तसंच लुकलुकायचं.

रिमोटवरचं अधिकच्या चिन्हासारखं बटण त्याच कंपनीच्या गुनपेई योकोई यांचं, ते आधी १९८२ मध्ये हातात धरायच्या डाँकी काँग गेमवर आलं होतं आणि तिथून फॅमिकॉमवर. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नसायचं, त्यावरून भावंडांमध्ये काय भांडणं व्हायची, पण ते काही डुप्लिकेटवाल्याने पैसे वाचवले म्हणून नव्हतं, ओरिजिनलमध्येच नव्हतं, तिथे दुसऱ्या रिमोटवर त्या जागी माइक दिला होता.

आता हे नागपूरपर्यंत पोहोचलं कसं. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास व्हिडिओ गेमचा धंदा पार बसला होता, बाजारात भंगार गेमचा ढीग झालेला, म्हणून निन्टेंडोने १९८५ मध्ये तिकडे मशीन नेलं तेव्हा आत एक कुलूप चिप टाकली, कंपनीच्या परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालूच नये म्हणून. पण जपानी फॅमिकॉमला असं कुलूप नव्हतंच! त्यामुळे तैवानमधल्या लोकांनी जपानी डिझाइन उचललं, यूएमसी या कंपनीने त्याच्या दोन्ही मुख्य चिपच्या नकला बनवल्या, आणि ६० पिनची कॅसेट कोणीही बनवायला मोकळं झालं. रशियात १९९२ मध्ये हेच मशीन डेंडी नावाने आलं, आपल्याकडे दहा नावांनी. पुढे तर सगळं एकाच चिपमध्ये बसलं, नंतरच्या स्वस्तातल्या डब्याचे स्क्रू काढले तर आत एक छोटी पट्टी आणि तिच्यावर काळा गोळा, बस, उएमुरांचं अख्खं मशीन त्या गोळ्यात.

एक गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती मला फार आवडते. जपानचा तेव्हाचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा आणि आपला टीव्ही, ज्याच्या पद्धतीला पाल म्हणायचे, तो ५० वेळा, गेमचा वेग त्याच्यावरच बांधलेला, म्हणून पालवाल्या डब्यावर तोच गेम जपानपेक्षा हळू चालायचा, तिकडची १० मिनिटं म्हणजे इकडची १२. म्हणजे आपले पोट्टे जे मारियो खेळले तो थोडा निवांत मारियो होता.

नागपुरात याचा सीझन म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्ट्या, एप्रिल-मे मध्ये दुपारी ४५ डिग्री, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, कूलर लावलेल्या खोलीत पोट्टे कोंडलेले, तेव्हा ज्याच्या घरी व्हिडिओ गेम त्याच्या घरी अख्खी गल्ली. मशीनचे पण हाल व्हायचे, कारण अडॅप्टर ९ व्होल्ट द्यायचा, चिपला लागायचे ५, मधले सगळे आतल्या रेग्युलेटरमधून उष्णता होऊन निघायचे, खोली आधीच तापलेली, तासाभरात डबा हाताला चटका द्यायचा. मग आई येऊन बंद करायची आणि त्यात ती चुकीची नव्हती. आणि लाईन गेली तर सगळं संपलं, कारण मारियोच्या कॅसेटमध्ये सेव्ह करायची सोयच नाही. मारियो १९८५ चा, अख्खा गेम ४० केबी, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो पण याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच चित्रातून काढलीत, फक्त रंग बदलून, पुन्हा बघा म्हणजे दिसेल.

'९९९९ इन वन' कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असायचे, तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या लेव्हलपासून सुरू करून यादी फुगवलेली. पण काँट्राच्या ३० लाइफचा कोड मात्र अस्सल, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. तो काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटोंनी १९८६ मध्ये ग्रेडियस गेम घरच्या मशीनवर आणताना टाकला होता, कारण तपासायला म्हणून खेळताना त्यांना स्वतःलाच तो जड जात होता. ना इंटरनेट ना मासिक, तरी तो नागपूरच्या महाल-इतवारीच्या गल्ल्यांपर्यंत तोंडातोंडी आला, मला याचं आजही नवल वाटतं.

अजून एक धागा सांगायचा राहिला. चीनमध्ये सुबोर नावाची कंपनी याच चिपवर कीबोर्डवाला डबा विकायची, शिकायचं मशीन म्हणून, आपल्याकडे पण टायपिंगचे गेम असलेले तसे कीबोर्ड आले होते. ती कंपनी चालवणारे दुआन योंगपिंग १९९५ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी बीबीके सुरू केली, त्याच घराण्यातून पुढे ओप्पो आणि विवो निघाले, जे आज नागपूरच्या बर्डी बाजारात दुकानादुकानात मांडलेले असतात.

निन्टेंडोने फॅमिकॉम बनवणं २००३ मध्ये थांबवलं, तोपर्यंत जगभरात ६ कोटींच्या वर मशीन विकून झाले होते, आणि यात आपले डुप्लिकेट धरलेलेच नाहीत.

कोणाच्या माळ्यावर अजून डबा पडला असेल तर फेकू नका. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलीने पिना गंजतात, फुंकर मारल्यावर चालायचं ते बहुतेक कॅसेट काढून पुन्हा नीट बसल्यामुळे. कापसाला थोडं स्पिरिट लावून पुसा. एव्हीच्या पिना असतील तर नवीन टीव्हीवर पण चित्र येईल, फक्त बदकं मारायची गन चालणार नाही, कारण ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि गन तो उजेड शोधते, नवीन टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो. गनसाठी जुना डब्बा टीव्हीच लागेल.