अकरा वर्षं शाळेत, शिकला सात

निकालाचा मोसम आला की तेच भाषण: पट वाढला, बारावी पास वाढले, आता देशाची प्रगती कोण अडवतो? शिक्षण आणि मानवी भांडवल हे शब्द एकमेकांच्या जागी ठोकून देणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आलाय.

शिक्षण सगळ्यांना माहीत आहे: शाळा, इयत्ता, गुणपत्रिका. त्यातून अंगी जे मुरलं आणि कामाला आलं, ते मानवी भांडवल. त्यात तब्येतही धरतात.

घोळ होतो तो वर्षं मोजण्यात. जागतिक बँकेचा २०२० चा हिशोब घ्या. भारतातलं मूल अठराव्या वर्षापर्यंत सरासरी ११.१ वर्षं शाळेत काढेल. चाचण्यांतले आपले गुण ३९९, आणि चांगल्या शिकण्याची पट्टी ६२५. आता ११.१ गुणिले ३९९, भागिले ६२५. उत्तर ७.१, म्हणजे प्रत्यक्ष शिकणं झालं तेवढ्याच वर्षांचं. मग चार वर्षं गेली कुठे? पोरगं वर्गातच होतं, हजेरीही लागलेली. दक्षिण कोरियात हेच गणित १३.६ वरून ११.७ वर येतं, म्हणजे शिकण्यातली गळती दोनच वर्षांची. कोरियाचे गोडवे गाणारे तिथल्या शाळा मोजतात, ही गळती मोजत नाहीत.

गळती डोळ्यांनी बघायची तर ‘असर’ ही मुलांना किती येतं ते तपासणारी पाहणी आहे. त्यात मुलाच्या घरी जाऊन त्याच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना तो वाचता आला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलं साधारण २८ टक्क्यांना. हीच मुलं पुढे ‘दहावी पास’ म्हणून आकडेवारीत जमा होतात.

शिक्षणाचं विकासदराशी नातं जोडताना अर्थतज्ज्ञांचीही इथेच पंचाईत झाली होती. लँट प्रिचेट यांनी देशोदेशींची शाळेची वर्षं वाढीच्या दराशी ताडून पाहिली, तर संबंध सापडेना. एरिक हानुशेक आणि लुडगर वोसमन यांनी वर्षांच्या जोडीला चाचणीचे गुण घेतले, तेव्हा संबंध ठसठशीत दिसला आणि नुसत्या वर्षांचं वजन जवळपास उरलंच नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: नवी इमारत आणि टॅब नंतर, आधी तिसरीतल्या पोराला वाचता आलं पाहिजे.

कौशल्य असलं की विकास आपोआप होतो, असंही नाही म्हणा. केरळनं माणसं शिकवली, पण पुरेसं काम गावात नव्हतं. ती आखातात गेली आणि घरी मनीऑर्डरी आल्या.